दोन व्याही, दोन जेट

दर रविवारी सकाळी सहाला, बायको उठायच्या आत, कवळीवाले आपल्या कामाच्या खोलीत एक लबाडी करत असत.

एरवी माणूस सरळ. चौतीस वर्षं लोकांसाठी दातांच्या कवळ्या बनवल्या, पण एक दात वाकडा लागला असं कुणी म्हटलं नव्हतं. खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर हिरडीच्या गुलाबी रंगाची बरणी, आणि तिच्या शेजारी चार्जरला लावलेली, रिमोटवर उडणाऱ्या छोट्या जेट विमानाची बॅटरी. पूर्ण भरली की मीटरचा आकडा पंचवीस व्होल्टच्या वर जातो. कवळीवाले मात्र आकड्याकडे टक लावून बसायचे आणि तो चोवीस पूर्णांक तीनला आला की हळूच वायर काढायचे. एवढ्या कमी भरलेल्या बॅटरीवर जेट जरा आळसावतं आणि चार मिनिटांऐवजी तीन-सव्वातीन मिनिटांत दमतं. त्यांना तेच हवं होतं.

कारण त्यांचं करडं जेट लिफ्टवाल्यांच्या लाल जेटपेक्षा सरस होतं, हे त्यांना मनोमन ठाऊक होतं. आणि ते सिद्ध झालं असतं तर त्यांचे रविवार संपले असते.

लिफ्टवाले म्हणजे त्यांचे व्याही. म्हणजे होते. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. कवळीवाल्यांच्या मुलाचं त्यांच्या मुलीशी लग्न झालं, त्या दिवशी दोन्ही बाप कोपऱ्यात खुर्च्या ओढून जे बसले ते उठेचनात. जेवायला तीनदा बोलावणं आलं. इकडे यांचं चाललं होतं, रिमोटवर उडणाऱ्या छोट्या जेटच्या पोटातल्या पंख्याला सहा पाती बरी की बारा. महिन्याभरात दोघांनी एकाच मापाची दोन जेट आणली. करडं सहा पात्यांचं, लाल बारा पात्यांचं. मग कुठलं चांगलं यावरून जी जुंपली ती जुंपलीच.

पुढे दोन वर्षांनी मुलांचं फिसकटलं. भांडण नाही, तंटा नाही. नाही जमलं, वेगळे झाले, एवढंच. पण दोन्ही घरांतल्या विहिणींनी एकमेकींचे नंबर फोनमधून उडवले आणि त्या घराचं नाव काढायचं नाही असा दंडक पडला. तेव्हा दोघे व्याही शेवटचे म्हणून मैदानावर भेटले. लिफ्टवाले बुटाकडे बघत म्हणाले होते, "एकदा हाती घेतलेली तुलना अर्धवट सोडणं मला काही पटत नाही. तेवढी पुरी करू. निकाल लागला की तुम्ही तुमच्या वाटेने, आम्ही आमच्या."

"अगदी बरोबर," असं कवळीवाले इतक्या घाईने म्हणाले, की त्यांचं त्यांनाच हसू आलं.

तेव्हापासून चौदा महिने ती तुलना चालू होती. मुद्दे सात: उड्डाणाला लागणारी पावलं, वेग, वळण, आवाज, हवेतला वेळ, बॅटरीची गरमी आणि उतरणं. एखाद्या रविवारी कुणाला दोन मुद्द्यांची आघाडी मिळाली की निकाल लागला. पण ती मिळेचना. कधी चार-तीन, कधी तीन-तीन आणि एक बरोबरीत. वही भरत आली तरी दोन्ही जेट एकमेकांना रेटून उभी. दोघे आपापल्या घरून वेगवेगळे निघत, मैदानावर भेटत आणि वेगवेगळे परतत. कवळीवाल्यांच्या घरी ते फिरायला जातात असं सांगितलेलं होतं. आता फिरायला जाणारा माणूस हातभर लांबीचं विमान का नेतो, हे बायकोने कधी विचारलं नाही. तिचा समजूतदारपणा म्हणा, नाहीतर राग म्हणा.

त्या रविवारी हवा अगदी पडलेली होती. बंद पडलेल्या गोदामांच्या मागची ती डांबरी पट्टी, पलीकडे गुडघाभर गवत. लिफ्टवाले आधीच येऊन घडीचं टेबल मांडून बसले होते. थर्मासमधला चहा ओतता ओतता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं ते म्हणाले, "मुलीचं परत जमतंय म्हणे. तिच्या ऑफिसातलाच आहे. माणसं बरी वाटतात."

"वा," कवळीवाले म्हणाले. "छानच झालं की." आणि खरंच छान होतं. पोरगी गुणी होती, तिचं भलं व्हावं असं त्यांना मनापासून वाटायचं. पण म्हणजे आता यांना नवे व्याही मिळणार. "त्या मुलाच्या वडलांना... विमानांची आवड आहे का?"

"अजून विचारलं नाही," लिफ्टवाले म्हणाले आणि चहात फुंकर घालत राहिले.

आता या दोघांची एक रीत होती. आपल्या जेटमध्ये आपण बॅटरी घालायची नाही, ती दुसऱ्याने घालायची. शेपटीमागे उभं राहून डावं, उजवं, वर, खाली असं ओरडून पंखांच्या पट्ट्या नीट हलतात का तेही दुसऱ्यानेच बघायचं. म्हणजे पुढे काही झालं तर खापर कुणाच्या माथी फोडायचं हा प्रश्न उरत नाही. पहिली पाळी लालची होती. टेबलावर दोन बॅटऱ्या शेजारी शेजारी, एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या. कवळीवाल्यांनी आपल्या बॅटरीवर हिरडीच्या रंगाचा एक गुलाबी ठिपका दिलेला होता, तो त्या वेळी खालच्या अंगाला, टेबलावर टेकलेला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर मात्र कुणीतरी अनोळखी सद्गृहस्थ याच टेबलापाशी बसून याच थर्मासमधला चहा पीत होते. त्यांनी हाताला आली ती बॅटरी उचलली, लाल जेटच्या पोटात सरकवली, पट्टा आवळला आणि म्हणाले, "डावं. उजवं. वर. खाली. सोडा."

लाल जेट पट्टीवरून धावलं, नेहमीपेक्षा आठ-दहा पावलं जास्त घेऊन उठलं, आणि गोदामांवरून मोठं वळण घेऊन परत आलं. कवळीवाल्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं. एक मिनिट. दोन मिनिटं. लिफ्टवाले अगदी निवांत, नजर वर, दोन्ही अंगठे रिमोटच्या दांड्यांवर.

आपल्या उड्डाणाची तयारी म्हणून कवळीवाले टेबलाकडे वळले आणि उरलेली बॅटरी त्यांनी उलटीपालटी करून पाहिली. ठिपका कुठेच नव्हता.

हातातली बॅटरी लिफ्टवाल्यांची होती, काठोकाठ भरलेली. आणि त्यांची स्वतःची, मुद्दाम कमी भरलेली, आत्ता त्या लाल जेटच्या पोटात हवेत फिरत होती. लिफ्टवाले चार मिनिटांच्या हिशोबाने उडवत होते. घड्याळात दोन मिनिटं पन्नास.

बोलावं तर चौदा महिन्यांची लबाडी उघडी पडणार. आणि का केली हेही सांगावं लागणार, ते तर लबाडीहून जड. न बोलावं तर... कदाचित उतरेलही वेळेत. कदाचित ते आपण होऊन लवकर उतरवतील. कवळीवाले तोंड उघडून तसेच उभे राहिले आणि तेवढ्यात जेटने आणखी एक फेरी मारली. ती एक फेरी त्यांना पुढे कितीतरी दिवस टोचत राहिली.

"उतरवा!" ते शेवटी ओरडले. "व्याही, उतरवा आत्ताच्या आत्ता! बॅटरी संपतेय!"

"अहो, अजून मिनिटभर—"

"माझी बॅटरी आहे ती! कमी भरलेली आहे! उतरवा!"

लिफ्टवाल्यांनी पुढे एक शब्द विचारला नाही. जेट वळवून पट्टीच्या रोखाने आणलं. पण पंख्याचा आवाज मध्येच बारीक झाला, मोटर मंदावली, आणि एरवी मोटरच्या जोरावर अलगद येणारं ते लाल जेट दगडासारखं खाली बसत गेलं. पट्टी वीस पावलांवर असताना ते गवतात शिरलं आणि कट्कन आवाज आला.

दोघे गवतातून चालत निघाले. कवळीवाले एक पाऊल मागे.

"मी दर रविवारी कमी भरतो," ते समोरच्या पाठीला म्हणाले. "पहिल्या महिन्यापासून. माझं जेट जिंकलं तर निकाल लागेल, आणि निकाल लागला तर तुम्ही यायचं बंद कराल, म्हणून. आज चुकून तुमच्यात घातली. घालताना लक्ष नव्हतं माझं. वर गेल्यावर कळलं, तरी लगेच बोललो नाही. लाज वाटली. नुकसान सगळं माझ्यामुळे झालं."

लिफ्टवाले थांबले नाहीत की वळलेही नाहीत. "असं," एवढंच म्हणाले.

जेट सापडलं. नाक तुटून बाजूला पडलं होतं आणि पोटाला उभी चीर गेली होती. कवळीवाल्यांनी गुडघे टेकून ते दोन्ही हातांनी उचललं. उचलताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. लाल नवं होतं तेव्हाचं त्याचं वजन त्यांना ठाऊक होतं, हे त्याहून जास्त होतं. चिरेतून फोम सुटून आला होता आणि आत काहीतरी चकाकत होतं. त्यांनी बोट घातलं. शिशाचे तुकडे होते, मोटारीच्या चाकाला चिकटवतात तसले. एक, दोन, चार, सहा. पंखांच्या बरोबर मध्ये, तोलाच्या रेषेवर, नीट ओळीने बसवलेले.

"हे काय?"

"ते होय," लिफ्टवाले गोदामांकडे बघत म्हणाले. "तोल साधायला लावलेत."

"व्याही, मी कवळ्या करतो, पण इतकाही अडाणी नाही. तोल साधायला शिसं नाकात लावतात, नाहीतर शेपटीत. रेषेवर लावून तोल तसूभर हलत नाही. फक्त जेट जड होतं."

लिफ्टवाल्यांचे कान लाल झाले. त्यांनी गवताची एक काडी तोडून सोलायला घेतली.

"हो, होतं जड," ते म्हणाले. "मुद्दामच लावलं. नाहीतर माझं लाल तुमच्या त्या करड्याला पहिल्याच महिन्यात धूळ चारली असती."

"काय सांगता! माझं करडं? पूर्ण भरलेल्या बॅटरीवर एवढ्यात तुम्ही पाहिलंय का त्याला?"

"तुम्ही दाखवलंत कधी?"

"आणि तुम्ही माझ्यावर दया दाखवत होतात? चौदा महिने?"

"तुम्ही काय करत होतात मग?"

गुडघाभर गवतात साठीच्या पुढचे दोन गृहस्थ एकमेकांवर डाफरत उभे राहिले. भांडण जुंपलं होतं ते असं, की तुमच्यापेक्षा मीच जास्त हरायला बघत होतो. आधी लिफ्टवाल्यांना हसू फुटलं. मग कवळीवाले हसता हसता मटकन खालीच बसले, जेट मांडीवर घेऊन. हसण्यातून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

परत टेबलापाशी आल्यावर लिफ्टवाल्यांनी आपली काठोकाठ भरलेली बॅटरी उचलून पुढे केली. "घाला करड्यात. आता एकदा खरं काय ते बघू."

"तुम्हीच घाला, रीत आहे ती. आणि उडवा पण तुम्हीच."

करडं जेट धावलं आणि पट्टी अर्धी व्हायच्या आत सुटलं. असं ते कवळीवाल्यांनीही कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांच्याच हाताने त्यांनी त्याला चौदा महिने उपाशी ठेवलं होतं. सहा पात्यांचा तो उंच, ताणलेला आवाज गोदामांच्या भिंतींवरून परतून आला. लिफ्टवाल्यांनी ते उभं वर नेलं, पालथं केलं, डोक्यावरून सपाट्याने काढलं. स्टॉपवॉच टेबलावर पडून होतं, कुणी हात लावला नाही. पुरी चार मिनिटं उडवून त्यांनी ते पट्टीच्या मधोमध अलगद टेकवलं.

"छे," ते रिमोट खाली ठेवत म्हणाले. "शिसं काढलं असतं तरी माझं याच्यापुढे टिकलं नसतं. तुमचंच सरस आहे. लिहा वहीत."

कवळीवाल्यांनी वही उघडली आणि लिहिलं. दोनच शब्द: करडं सरस. लिफ्टवाल्यांनी टेबलाची घडी घातली, थर्मासचं झाकण आवळलं, मोडकं नाक पिशवीत ठेवलं. एकेक वस्तू आत जाताना कवळीवाले बघत होते. गेल्या चौदा महिन्यांत जे टळावं म्हणून त्यांनी इतका आटापिटा केला, ते आता शांतपणे, कुणाच्याही दोषाशिवाय, घडत होतं.

लिफ्टवाल्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"मला एकट्याला इथे यायचं नाही," कवळीवाले म्हणाले. "जेटसाठी येतच नव्हतो मी."

लिफ्टवाले पिशवीचा पट्टा उगाचच सारखा करत राहिले. मग म्हणाले, "नका येऊ ना मग एकटे. पुढच्या रविवारी मी घ्यायला येतो. साडेसहाला. खालून हाका नाही मारणार. वर येऊन बेल वाजवीन. तुमची मंडळी दार उघडतील तर उघडू देत."

कवळीवाल्यांनी वही मिटली. "आमचा चौथा मजला," ते म्हणाले. "आणि लिफ्ट महिनाभर बंद आहे."

"असं होय? मग अवजारं घेऊन जरा लवकरच येतो."