खड्डा होता तिथे

आम्रपाली नवऱ्याच्या गाडीवर बसायची नाही. नागसेन तसा गुणी माणूस, पण कुणी पुढे काढली की त्याच्या अंगात यायचं. मग त्याला ना सिग्नल दिसे, ना कंटेनर. म्हणून भोसरीहून चाकणच्या कंपनीत ती निवृत्त सासऱ्यांच्या स्कूटरवर जायची; तिला सोडून ते घरी परतायचे. कोंडीरामांनी उभी हयात फोर्कलिफ्ट चालवली, पण कशाला ओरखडा म्हणून नाही. लेकाला ते म्हणायचे, "ब्रेक फुकट दिलाय तुला कंपनीनं. वापरत जा."

त्या सकाळी मोशीच्या पुढे स्कूटर एकदम उजवीकडे गेली. मागच्या कंटेनरचा हॉर्न कानात घुसला. आम्रपालीने सासऱ्यांचा शर्ट मुठीत धरला.

"मामा, काय झालं?"

"खड्डा चुकवला की. रोजचाच हाय."

तिने मागे वळून पाहिलं. रस्ता सपाट होता. सुट्टीच्या दिवशी खड्डा बुजवून गेले होते. नवं डांबर काळंभोर चमकत होतं, कुणालाही दिसावं असं.

मामा रस्ता बघत नव्हते, आठवत होते.

दिवसभर मशीनवर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नागसेनला सांगावं तर तो घर डोक्यावर घेणार, चारचौघांत बापाला आंधळा म्हणणार. न सांगावं तर उद्या पुन्हा तोच रस्ता आणि मागे कंटेनर.

सकाळी ती आधीच स्कूटरपाशी जाऊन उभी राहिली.

"आज मी चालवते, मामा. लायसन नुसतं पडून आहे. मोठ्या रस्त्याची भीती मोडायची आहे. तुम्ही मागं असलात की धीर येतो."

"माझी नोकरी खाती का काय?" ते हसले, पण मागे बसले.

शेजारून ट्रक गेला की हँडल थरथरे. मोशी मागे पडली.

"आता खड्डा येतोय," मामा म्हणाले. "उजवीकडं घे."

तिने आरशात पाहिलं. उजव्या अंगाला कंटेनर अगदी लगत आला होता. ती सरळ गेली. चाक हललंसुद्धा नाही.

खांद्यावरचा मामांचा हात घट्ट झाला.

"कधी बुजवला?"

"सुट्टीदिवशी."

"मंग काल म्या काय चुकवलं?"

तिने वेग कमी केला आणि स्कूटर रस्त्याच्या डाव्या कडेला घेतली.

कंपनीच्या गेटपाशी उतरून तिने किल्ली पुढे केली. मामांनी हात मागेच ठेवला.

"राहू दे तुझ्याकडं," ते म्हणाले. "भोसरीची बस कुठं थांबती, तेवढं दाखव."