वाळायच्या आत उत्तर द्या

नगरपालिकेचे साहेब, आमचा नळ तुम्ही तोडलात. तुमची माणसं आली, तोटी काढली, पाइपाच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकली आणि गेली. म्हणे, नकाशात ही गल्लीच नाही.

चौकात जमलेल्या मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे, चिंध्यांची. तुंजा नदीपलीकडच्या, रोमा जमातीच्या मोहल्ल्यातली. गुलीझार आजीनं मला मागावर विणलं. माझे निळे पट्टे तिच्या नवऱ्याच्या गिरणीतल्या डगल्याचे, लाल पट्टे तिच्या लग्नाच्या घागऱ्याचे. या शहराच्या गिरणीत तो जन्मभर राबला, तेव्हा कुणी नकाशा उघडून पाहिला नाही. माझ्यावर तिची मुलं रांगली, सुना नाचल्या. पाहुणे म्हणायचे, "काय वीण आहे!" पुढं दुकानातले गुळगुळीत गालिचे आले आणि मी दाराशी, चिखलाच्या बुटांखाली गेले. तरी एदेरलेझी या वसंताच्या सणाआधी मला नळावर नेऊन घासत. मळक्या सतरंजीवर वसंत पाय ठेवत नाही, अशी आमच्याकडची समजूत.

यंदा नळ कोरडा. आजी सुनेला म्हणाली, "सेव्दा, उचल हिला. पाणी चौकात आहे."

"कचेरीसमोरच्या कारंज्यात? आई, धरतील की!"

"धरू देत. तू सतरंजी नीट धर."

मागोमाग सगळी गल्ली निघाली, खांद्यावर सतरंज्या घेऊन. बायकांनी कारंज्याचं पाणी बादल्यांनी ओतलं, साबण फासला, अनवाणी पायांनी आम्हाला तुडवलं. पहारेकरी धावत आला.

"आजी, ही धुण्याची जागा नाही!"

"मग आमची दाखव, पोरा."

"आधी हे उचला!"

"मी म्हातारी. तूच उचल."

त्यानं माझं टोक ओढलं. भिजलेली चिंध्यांची सतरंजी एकट्याला कुठली हलते! मी जागची हलले नाही, उलट पहारेकरीच घसरून फेसात बसला.

"बसा, बसा, पाहुणे आहात," सेव्दा म्हणाली. सगळा चौक हसला, बाकांवरचे शहरवालेसुद्धा.

मग साऱ्याजणींनी मिळून आम्हाला तुमच्या कचेरीच्या कठड्यावर वाळत घातलं.

मित्रांनो, सतरंजी जपायची तर धुवावी लागते, आणि धुवायला दाराशी पाणी लागतं. याहून मोठं शहाणपण माझ्यापाशी नाही.

उद्या सण आहे. आजी पायरीवर बसली आहे, उठणार नाही. साहेब, पडदा सारून बघताय ते दिसतंय मला. माझं पाणी तुमच्याच पायऱ्यांवर ठिबकतंय. मी वाळायच्या आत खाली या आणि सांगा, आमच्या नळाला पाणी कधी सोडता?