चाळीस जणी ‘खूप खूश’

मी डाळमिलमधल्या एका बाईनं भरलेला फॉर्म बोलतोय. बाया मला घाबरल्या होत्या. पण खरं सांगू का, त्यांच्यापेक्षा जास्त मीच घाबरलो होतो, माझ्यावर खोटं लिहिलं जाईल म्हणून.

जळगावच्या एका झेरॉक्सच्या दुकानात माझा जन्म झाला. आम्ही चाळीस भावंडं, सगळी एका तोंडावळ्याची. मिलचे मालक रिखबचंद शेठ. विधी ही त्यांची मुलगी, ती कॉलेजात शिकते. कामावर बायांचं मन कसं असतं, ते तिला शोधायचं होतं. तिनं माझ्यावर एकच प्रश्न छापला, ‘तुम्ही कामावर खूश आहात का?’ खाली तीन चौकोन: खूप खूश, खूश, थोडे खूश. नाराज माणसाला जागाच नाही! पण लेकरानं आईला कसं सांगावं, की तू मला अर्धवट घडवलंस?

‘नाव लिहू नये’ असं माझ्या डोक्यावर ठळक होतं. वाचतो कोण! मुकादम झुलाल नाना धुळ्याकडचे. ते सगळ्यांवर ओरडले, “बठ्ठ्या जणी नाव टाका! आधारनी झेरॉक्स जोडा. बिगर आधारना कागद कोठे चालस का?” आणि स्वतःच राखणीला उभे राहिले.

मी दिपमालाच्या हातात आलो. ती असोद्याहून डाळ निवडायला येते. पेन माझ्यावर, पण डोळे गेटकडे. तिथल्या डब्यात सगळ्यांचे फोन बंद करून ठेवतात. तिचं आठ महिन्यांचं बाळ सासूजवळ तापानं फणफणलेलं. मागच्या तापात त्याला झटका आला होता.

शेजारच्या लताबाईनं कोपर मारलं, “टाक वं टिक. नाना पाहून राहिले.”

दिपमालानं ‘खूप खूश’वर टिक केली. डोळे गेटकडेच होते, म्हणून टिक पार चौकोनाबाहेर गेली.

शेठ म्हणाले, “चाळीसच्या चाळीस खूप खूश! पेढे मागवा.”

विधी म्हणाली, “पप्पा, आपल्या घरात चार माणसं. ती तरी कधी एका वेळी खूश असतात का?”

तिनं नानांना चहाला धाडलं आणि स्वतः जेवणाचा डबा घेऊन बायांत बसली. “दिपमालाताई, खरंच खूप खूश?”

“लिहून दिलं ना, मॅडम.”

“काय विचारायचं राहिलं माझ्याकडून?”

दिपमाला भाकर मोडत म्हणाली, “पोरगं आजारी हाये. घरून फोन आला तर मला कळंल कसं? हे कोणी विचारतच नाही.”

विधीनं आधी आपला फोन पुढे केला. सासू म्हणाली, ताप उतरला. तेव्हा कुठे दिपमालानं घास तोंडात घातला.

मग बायांनाच विचारून नवा फॉर्म झाला. त्यावर नाव नाही, आधार नाही. कुलपाची पेटी पाण्याच्या माठाजवळ, नानांपासून लांब. एकोणतीस जणींनी फोनचंच लिहिलं.  तिसऱ्या दिवशी शेठच्या हुकमानं फोनचा डबा कामाच्या जागी आला, आतले फोन चालू ठेवून.

आता दिपमालाची सासू फोनवर वैतागते, “कितीदा विचारशील वं? पोरगं झोपेल हाये, तूच उठवशील त्याला!”

मी अजून ऑफिसच्या कपाटात आहे. पाहुणे आले की शेठ नव्या फॉर्मांना हात लावत नाहीत, मलाच काढून दाखवतात, “बघा, खूप खूश!” हात जोडून सांगतो, मला फाडून टाका हो. ती टिक दिपमालाची नव्हतीच, ती झुलाल नानांची होती.