झोपेतच चाललेले बूट

मित्रांनो, मी एक जुना बुटांचा जोड आहे आणि मी आजवर एक पाऊलही टाकलेले नाही. हसू नका. माझे दोन्ही बूट एका लोखंडी पट्टीने एकमेकांना जोडलेले आहेत. मला घालून कुणाला चालता येत नाही, फक्त झोपता येते. तुमच्या घरातल्या बुटांना रस्ते ठाऊक असतील. मला मुलांची झोप ठाऊक आहे.

माझा जन्म मलावी देशात झाला, मोठ्या सरोवराकाठच्या टेकडीवर, मुलांच्या एका मिशन दवाखान्याच्या आवारात. तिथे लाझारो नावाचा कारागीर बकरीचे कातडे भिजवून, साच्यावर ताणून, टाचा शिवून माझ्यासारखे जोड तयार करायचा. शिवताना तो भजन गुणगुणायचा आणि दोरा तुटला की त्याच चालीत दोऱ्याला शिव्याही घालायचा. त्याने मला पुढून उघडे ठेवले, म्हणजे लहान बोटांना बाहेर डोकावता यावे.

काही मुले वाकडे पाय घेऊनच जन्माला येतात. तळवे आत वळलेले असतात, जणू दोन पाय एकमेकांच्या कानात काही सांगत आहेत. दवाखान्यात आठवड्या-आठवड्याला नवे प्लास्टर घालून ते थोडे थोडे सरळ करतात. पण पायांना जुनी सवय आठवत राहते. दिवसा ते शहाण्यासारखे वागतात आणि झोप लागली की हळूच आत वळू लागतात. तेव्हा त्यांना धरून ठेवायला मी.

प्लास्टरच्या खोलीत सुनमी नावाची परिचारिका होती. ती कोरियाहून आली होती, आपल्या चर्चकडे हे काम स्वतःहून मागून, पगाराविना, दोन वर्षांसाठी. सकाळची प्रार्थना झाली की ती बाह्या वर सारायची आणि प्लास्टरसाठी पाणी कोमट करायला ठेवायची. मुलांच्या पायांवर हात फिरवत ती आपल्या गावाकडचे अंगाईगीत म्हणायची. शब्द कुणालाच कळत नसत, मुले मात्र डोळे मिटत. तिथली भाषा तिला मोडकीतोडकीच यायची. मुलांना घेऊन बाकावर बसलेल्या आया तिची थट्टा करत.

"सिस्टर, तुम्ही आमची भाषा प्लास्टरसारखी बोलता. ओली असते तोवर वळते, मग एकदम घट्ट."

सर्वांत मोठ्याने सुनमीच हसायची.

तिनेच मला तियामिकेच्या पायांत घातले. दोन वर्षांचा गोलमटोल पोरगा तो. आईचे नाव फाइलेसी. सुनमीने तिला तीन-तीनदा बजावले की झोप दुपारची असो की रात्रीची, बूट पायात हवेतच. पाय कितीही सरळ दिसोत, तो चार वर्षांचा होईपर्यंत काढायचे नाहीत. काढले तर पाय परत वळतील आणि मग सगळे पहिल्यापासून. फार उशीर झाला तर शस्त्रक्रियाच करावी लागेल.

किती सुंदर झोपायचा तो! स्वप्नात तो पळायचा. त्याच्या टाचा माझ्या तळाशी, बाहेर कुणाला दिसू नये इतक्या हलकेच धडधडत आणि मीही त्याच्यासोबत निघायचो, ओल्या वाळूवरून, उलट्या ठेवलेल्या होड्यांच्या सावल्यांमधून. कधी आम्ही पाण्यात शिरत असू. पाणी कोमट असायचे आणि चांदीसारखे मासे माझ्या शिवणींमधून आरपार जायचे. मग बाहेर कुणी मुसळाने मका कांडू लागे, त्याचे डोळे उघडत आणि मी पुन्हा चटईवरचा बुटांचा जोड होत असे.

मासे भरपूर सापडण्याचे दिवस आले की फाइलेसी सुकवलेले मासे घेऊन शहरात जायची आणि काही आठवडे तिथेच राहायची. तेवढे दिवस तियामिके तिच्या आईजवळ, नाचिसाले आजींजवळ असे. त्या वर्षी ती शहरात गेली आणि इकडे शेजारचा म्हातारा होडीवाला वारला.

त्या गावात माणूस गेला की जाणत्या बायका त्याला आंघोळ घालतात आणि त्याचे दोन्ही पाय कापडाच्या पट्टीने एकत्र बांधतात. हे काम आजींकडे होते. ते उरकून त्या भर दुपारी घरी आल्या. पडवीच्या सावलीत तियामिके उताणा झोपला होता. पाय माझ्यात अडकलेले. अंग अगदी निश्चल. आजी दारातच थबकल्या. मग त्या खाली बसल्या आणि त्यांनी माझ्या नाड्या सोडल्या.

मला त्यांनी मक्याच्या कणगीत नेऊन ठेवले, कणसांच्या खाली.

कणगीतला काळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. तिथे संध्याकाळच संध्याकाळ होती. कणसांचा गोडसर वास होता, कुडाच्या फटींतून येणारे उजेडाचे धागे होते. बाहेर तियामिके पळायचा. थप थप, थप थप. ऐकून मला बरे वाटे. मग हळूहळू तो आवाज बदलला. थप, खस्स. थप, खस्स. एक टाच जमिनीला टेकेनाशी झाली होती. मला ते कळत होते आणि मला तोंड नव्हते.

फाइलेसी शहरातून परतण्याआधीच एके दिवशी अंगणात सायकलची घंटी वाजली. सुनमीची दोन वर्षे संपत आली होती आणि जाण्यापूर्वी ती एकेका मुलाला बघून घेत होती. तिने बूट कुठे आहेत असे विचारले. आजी म्हणाल्या की ते लहान झाले. सुनमीने तियामिकेला मांडीवर घेतले, त्याचा उजवा पाय हातात धरला आणि टाच खाली दाबून पाहिली. टाच खाली येईना. ती त्या टाचेवरून नुसता अंगठा फिरवत राहिली. ती रागावली असती तर आजींनी उलट उत्तर दिले असते. तसे झाले नाही, तेव्हा आजी उठल्या आणि त्यांनी स्वतःच मला कणगीतून बाहेर काढले.

"पोरी, रागवायचं तर रागव," त्या म्हणाल्या. "पण मी आजवर ज्यांचे ज्यांचे पाय बांधले, त्यातलं कुणी उठलं नाही गं. नवऱ्याचे बांधले. पोटच्या लेकीचे बांधले. आणि हा असा पाय बांधून निजतो. हलत नाही, डुलत नाही. मी आपली त्याच्या नाकाशी हात धरून बसलेली. देवाला किती विचारलं. तोही काही बोलला नाही."

  सुनमी चटईवर आजींशेजारी बसली आणि तियामिकेचा पाय चोळू लागली.

"मग काय केलं तर तुम्हाला झोप लागेल?" तिने विचारले.

आजींनी तिच्याकडे बघितले. मग त्या आत गेल्या आणि एका जुन्या टोपलीतून वाळलेल्या बियांच्या खुळखुळ्यांची माळ घेऊन आल्या. नाचताना घोट्याला बांधतात ती. त्यांच्या नवऱ्याची होती.

"हे त्या लोखंडाला बांधलं तर? पोरगा हलला की वाजेल. मेलेल्याचे पाय वाजत नाहीत." मग त्यांचा आवाज उतरला. "पण ही नाचाची वस्तू. पाद्रीबाबा म्हणतील, म्हातारी भूत घेऊन आली दवाखान्यात."

"पाद्रीबाबांशी मी बोलते," सुनमी म्हणाली. "माझी भाषा त्यांना कळत नाही, म्हणून ते मला नेहमी हो म्हणतात."

आजी हसल्या. सुनमी माळ बांधू लागली, तशी त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. "तुझी गाठ सुटेल. इकडे दे." आणि ज्या हातांनी त्यांनी इतक्यांना निरोप दिला होता, त्या हातांनी पट्टीवर पक्की गाठ मारली.

तियामिकेला पुन्हा प्लास्टर घालावे लागले. तो खूप रडला. मग पुन्हा मी. पहिल्या दुपारी तो पडवीत झोपला, स्वप्नात पळू लागला आणि माझे खुळखुळे वाजले. खुळ, खुळ. कुडाला टेकून बसलेल्या आजींचे डोळे मिटले. त्या दुपारी नातवाबरोबर त्यांनाही गाढ झोप लागली.

सुनमी पाऊस सुरू होण्यापूर्वी गेली. शेवटच्या दिवशी तिने मला कानाशी धरून एकदा हलवले. पुढचे तिला बघायला मिळाले नाही, म्हणून ते मी तुम्हाला सांगतो. चार वर्षांचा झाल्यावर तियामिके मला परत द्यायला स्वतः आला, दवाखान्याच्या लांब ओसरीवरून धावत. थप थप, थप थप. दोन्ही टाचा.

त्यानंतर मी बऱ्याच मुलांबरोबर झोपलो. आता माझे कातडे तडकले आहे, टाच उसवली आहे. लाझारो मात्र प्रत्येक नव्या जोडाला खुळखुळे बांधतो, कारण आया 'वाजणारे बूट'च मागतात. पाद्रीबाबा अजून हो म्हणतात.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. पाय सरळ दिसू लागले म्हणून त्यांना धरून ठेवणारे हात सोडू नका. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस औषधाला नको म्हणत असेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला कशाची भीती वाटते ते विचारा.

मी हल्ली प्लास्टरच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. सरोवरावरून वारा आला की माझी माळ वाजते. खाली रडणारे एखादे मूल क्षणभर थांबते, वर बघते आणि आपली बोटे हलवते.

तेवढेच माझे चालणे.