बेरजेतला जास्तीचा

वत्सलाबाईंच्या बालवाडीत दोन चिंचोके आणि तीन चिंचोके एकत्र केले की सहा होऊ लागले. पहिल्यांदा बाईंना वाटलं, मोजण्यात चुकलं असेल. त्यांनी ढीग वेगळे केले, तर इकडे दोन भरले, तिकडे तीन. पुन्हा एकत्र लोटले. सहा. मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत त्यांनी मोजलं आणि सहा म्हणून मोकळी झाली.

मग बाईंनी बाटल्यांची बुचं घेतली, मणी घेतले, काड्या घेतल्या. सगळीकडे तेच. एकत्र आलं की एक वाढायचं, वेगळं केलं की जायचं. वाढलेलं नेमकं कुठलं, ते कधीच कळायचं नाही. ढिगात हात घातला की आत कुठेतरी ऊब लागायची, ताप न उतरलेल्या अंगासारखी.

बाईंची मुलगी जाई गेल्या पावसाळ्यात तापाने गेली. असती तर यंदा याच वर्गात बसली असती.

बाईंनी घरी नवऱ्याला बेरजेचं सांगितलं. शाळेतलं शाळेत राहू दे, एवढंच तो म्हणाला आणि ताटावरून उठला. सकाळी बाईंनी शाळेची पिशवी उघडली, तर आत जाईचा फ्रॉक घडी करून ठेवलेला होता.

त्या दिवशी बाईंनी अंगणात खडूने दोन गोल काढले. एकात चार मुलं उभी केली, दुसऱ्यात तीन. मग सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले. मोठं कडं झालं. डोक्यांना हात लावत बाई मोजत गेल्या. आठ भरली. त्यांनी हजेरीची सात नावं घेतली, सातही जणांनी ओ दिली, तरी कडं आठांचंच. ज्या चेहऱ्याकडे बघावं तो ओळखीचा निघे. मोजताना एका डोक्यावर मात्र त्यांचा तळहात पोळला. कुणाच्या, ते पुढच्या डोक्यावर हात जाईपर्यंत निसटून गेलं.

"हात सोडायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "खेळ संपला नाही अजून."

येत होती तेवढी सगळी गाणी झाली. खिचडी आली, ती बाईंनी कड्याभोवती फिरत एकेकाला भरवली. मुलं घरी न्यायला आया आल्या आणि कुंपणापाशी थांबल्या. सनाची आई हसीना आत आली.

"बाई, सनाला सोडा आता. घरी वाट बघतायत."

"सोडते. थोडं थांबा."

हसीनाने कड्याकडे पाहिलं. मोजताना तिचे ओठ हलत होते, ते बाईंना दिसलं. एकदा मोजून तिने पुन्हा मोजलं. मग ती कुंपणाकडे गेली, इतर बायकांशी हलक्या आवाजात बोलली, आणि सगळ्या जणी तिथेच मातीत बसल्या.

ऊन भिंतीवर चढलं. मुलं उभ्या उभ्या पेंगू लागली. कुणाची बोटं घामाने सुटायला लागली की बाई धावत जाऊन ती पुन्हा गुंफायच्या, पाठ थोपटायच्या, अजून थोडंच, म्हणायच्या. आठही जण माना डोलवायचे.

सनाची बोटं गुंफून बाई सरळ होत होत्या, तेवढ्यात कड्याच्या पार दुसऱ्या टोकाला धाकट्या तन्मयला शिंक आली. त्याने डोळे उघडले, आणि नाक पुसायला तो हात वर नेऊ लागला.