बादलीभर माया

शेजाऱ्याकडे रिकाम्या हाती जाऊ नये, हे तुम्हाआम्हाला लहानपणीच शिकवलेलं असतं. एनिड गार्साइडलाही तेच शिकवलं होतं. यॉर्कशायरमधल्या तिच्या गावात कुणी परसात छोटंसं तळं खोदलं, की जो तो आपल्या तळ्यातलं बादलीभर पाणी, मूठभर शेवाळ आणि थोडी बेडकाची अंडी घेऊन जायचा. शेजारणीकडून विरजण आणावं, तसंच हे. आणि गावातल्या निम्म्या तळ्यांना विरजण लागलं होतं ते एनिडच्या तळ्याचं! तिला त्याचा कोण अभिमान!

शनिवारी शाळेच्या नव्या तळ्याचं उद्घाटन होतं. पहिली बादली अर्थातच एनिडची. आदल्या दिवशी सकाळी ती चहाचा मग घेऊन परसात आली आणि तळ्याकाठी थबकली. दगडावर एक न्यूट पडला होता. दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतातला, ओल्या कातडीचा, नारिंगी पोटाचा. एरवी चाहूल लागली की सुळकन पाण्यात जाणारा हा प्राणी आज जागचा हलेना. कुशीवर लाल चट्टे होते, एका पायाची बोटं झडली होती.

एनिडचा जीव कळवळला. तिने हात ओले करून त्याला उचललं आणि आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ओल्या शेवाळावर ठेवलं. मग बादली भरून ती निघाली, तोच फाटकातून म्युरिएल आत आली. म्युरिएल म्हणजे एनिडच्या दिवंगत नवऱ्याची बहीण. सगळा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून गेलेला. नणंद ती नणंदच, न बोलावता यायची.

"आजच कुठे चाललीस बादली घेऊन?"

"शाळेत. याला नव्या तळ्यात सोडते. स्वच्छ पाण्यात बरं वाटेल बिचाऱ्याला."

म्युरिएलने चष्मा लावून डब्यात पाहिलं. "एनिड, हे चट्टे साथीचे वाटतात मला."

"माझ्या तळ्यात साथ? तुझ्या भावाने स्वतःच्या हाताने खोदलंय ते!"

"माझ्या भावाचं नाव ऐकून रोग काय परत फिरतो? हे नवं शेवाळ कुठून आणलंस?"

"पलीकडच्या ट्रेव्हरने दिलं, मागच्या महिन्यात. प्रेमाने दिलं गं."

"प्रेमानेच देतात सगळे! त्याच्याकडचे बेडूक पटापट मेले, हे सांगितलं का त्याने?"

एनिडचा चेहरा पडला. "तुला माहीत होतं?"

"होतं. लोकांच्या तळ्याबद्दल आपण कशाला बोलायचं, म्हणून गप्प बसले. चुकलंच माझं."

दोघींनी डबा पशुवैद्याकडे नेला. त्यानेही साथीचीच शंका बोलून दाखवली. न्यूटला दुसऱ्या कुठल्याही तळ्यात सोडू नका, पाणी-शेवाळ इकडचं तिकडे नेऊ नका, बादल्या-बूट धुऊन पुरते वाळवा, असं त्याने बजावलं. संध्याकाळी न्यूट गेला. एनिड त्या डब्यापाशी बराच वेळ बसून होती.

"उद्या रिकाम्या हाती जाऊ? लोक म्हणतील, गार्साइडबाईंचं तळं घाणेरडं," ती म्हणाली.

"वॉर्डात आम्ही शंभरदा हात धुवायचो. आमचे हात घाणेरडे होते म्हणून नाही गं! एकाचं दुखणं दुसऱ्याला जाऊ नये म्हणून."

एनिड उठली आणि बादली आपल्याच तळ्यात रिती करून आली.

शनिवारी शाळेच्या अंगणात बादल्यांची रांग लागली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी हसून विचारलं, "गार्साइडबाई, तुमची बादली?"

"आणली नाही. माझ्या तळ्यात रोग शिरलाय, काल एक न्यूट मेला. तुम्हीही कुणी काही ओतू नका, हात जोडते!"

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी आज हवा छान असल्याचं सांगून पाहिलं. मग ट्रेव्हरने आपली बादली खाली ठेवली. "माझे बेडूकही मेले," तो मान खाली घालून म्हणाला. "लाज वाटली म्हणून बोललो नाही. एनिड, तुला दिलेलं ते शेवाळ... माफ कर."

"मीही प्रेमाने हेच वाटत फिरले असते रे," एनिड म्हणाली.

एकेक बादली आली तशी घरी परतली.

"मग तळं रिकामंच ठेवायचं?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"पाऊस भरेल की! आपल्याकडे त्याची कधी टंचाई झालीय?" म्युरिएल म्हणाली, आणि सगळे हसले.

पावसाने तळं भरलं. पुढच्या वसंतात शाळेतून निरोप आला, म्हणून एनिड पाहायला गेली. काठाच्या गवतातून एक न्यूट, कुणीही न आणलेला, आपल्या पायांनी चालत येऊन पाण्यात उतरत होता. कातडी तुकतुकीत, पोट नारिंगी. त्याला हातात घ्यावं असं तिला फार वाटलं. पण तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि डोळे भरून नुसतं पाहिलं.

वाचकहो, माया जरूर वाटावी. पण आपल्या घरात दुखणं असेल, तर ते न लाजता आधी सांगावं. कधीकधी शेजाऱ्याकडे रिकाम्या हाती जाणं, हीच त्याला दिलेली सर्वांत मोठी भेट असते!