कुंडीसकट

"अहो, कुंड्या काय फोडताय?" मी ओरडले, तोवर रस्त्याकडेला खापरांचा ढीग पडला होता. आमचे हे गुडघाभर खड्ड्यात उभे राहून झाड सरळ करत होते.

"या वेळी खोटं नको," हे म्हणाले. "पोरीचा प्रश्न आहे."

आमच्या हाय-टेक औद्योगिक क्षेत्रात रुंद रस्ते आहेत, दिवे आहेत, कमान तर विचारूच नका. नाहीत ते फक्त कारखाने. गुंतवणूकदार जागा बघायला येणार म्हटलं की आम्हा दोघांची, म्हणजे माळ्याची आणि माळ्याच्या बायकोची, धांदल उडायची. मोठाली झाडं कुंडीसकट खड्ड्यात उतरवायची, वर माती ओढायची. पाहुणे आत जेवायला बसले की तीच झाडं उपसून टेम्पोने मागच्या रस्त्याला न्यायची, कारण परत जाताना गाड्या तिकडून जायच्या. मला हसू यायचं. सगळा उसन्या दागिन्यांचा थाट! पण हे गंभीर. एकेक झाड मागे सरून बघणार, जरा कललेलं दिसलं की पुन्हा लावणार.

यंदाची कंपनी मोबाइलच्या चिप बनवणारी होती. आमची पोर तेच शिकलेली. लांबच्या शहरातून तिला नोकरीचं बोलावणं आलं होतं, पण ती म्हणाली होती, "ही कंपनी इथे आली तर मी कुठे जात नाही." एकुलती एक लेक. यांनी तेवढंच धरून ठेवलं.

"आणि मागचा रस्ता?" मी विचारलं.

"राहील उघडा. निदान पुढचा तरी खरा असू दे. ती माणसं काय दूधखुळी आहेत?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवायला बसले आणि औद्योगिक क्षेत्राचे साहेब धावत आले. "टेम्पो रिकामा का उभाय?" त्यांनी स्वतःच एका झाडाला हिसका दिला. झाड हललं नाही.

"माळीबुवा, घात केलात हो!"

गाड्या मागच्या उघड्याबोडक्या रस्त्याने धूळ उडवत गेल्या. महिन्याभराने कळलं, कंपनी दुसरीकडे गेली. का, ते कुणी सांगितलं नाही. साहेबांनी यांना कामावरून काढलं नाही, पण बोलणं टाकलं. यांचं जेवण तुटलं. "माझ्या हट्टापायी पोर लांब चालली," एवढंच घोकायचे. मी म्हटलं, पाणी कमी पडलं असेल, वीज महाग वाटली असेल. पालथ्या घड्यावर पाणी!

पोर निघाली त्या दिवशी बस थांब्यावर हे तिची बॅग हातातून सोडेनात. शेवटी तीच बोलली.

"बाबा, उगाच जिवाला लावून घेताय. झाडं बघून का कुणी कारखाना काढतं? त्यांनी झाडांकडे बघितलंसुद्धा नसेल."

बिचारीला यांच्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं. हे तिच्याकडे वळले.

"मग इतकी वर्षं मी काय करत होतो गं?"

तेवढ्यात बस आली. यांनी बॅग वर चढवली, तिला खिडकीची जागा धरून दिली. मग खाली उतरले आणि शर्टाच्या बाहीने तिच्या खिडकीची काच बाहेरून पुसू लागले.